जर्मनीत राहिलं की जर्मन येतं?

परदेशी शिक्षणाची तयारी चाललेल्या पुण्यातल्या घरात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘भाषेचं काय एवढं, तिकडे गेलं की येईलच.’ आत्या म्हणते, सोसायटीतले काका म्हणतात, अर्ज भरून देणारा कन्सल्टंट तर म्हणतोच म्हणतो. मी जर्मन शिकवते, त्यामुळे हे वाक्य ऐकून गेलेले विद्यार्थी दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर आले की मला भेटतात. काहींचं जर्मन ऐकून जीव सुखावतो. काही जण पदवी मिळवतात, चांगल्या नोकरीला लागतात, पण त्यांचं जर्मन जाताना होतं तेवढंच राहिलेलं असतं, कधी तर थोडं आटलेलंही. या दोघांत हुशारीचा फरक नसतो. मग कशाचा असतो, यावर गेल्या साठ वर्षांत पुष्कळ संशोधन झालं आहे. आपल्याकडे जाणाऱ्या मुलांपर्यंत ते पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाणाऱ्यांची संख्या आता थोडीथोडकी नाही. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या उच्चशिक्षण संस्थांत ४९,००० हून अधिक भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमधला हा सर्वांत मोठा गट. यांतले बरेच जण अभियांत्रिकीचे, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीत. वर्ग इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, राहायला तीन भारतीय मित्रांबरोबर, रात्री घरी व्हिडिओ कॉल. जर्मन लागतं ते सुपरमार्केटच्या काउंटरवर, आणि तिथेही आता स्वतःच बिल करायची यंत्रं आली आहेत.

१९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा ही सोयच नव्हती. मार्गदर्शक जर्मन, प्रयोगशाळेतली भाषा जर्मन, ग्रंथालयातली पुस्तकं जर्मन, आणि पुण्याचं पत्र आगबोटीने यायचं म्हणजे आठवडे जायचे. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. मानवी कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या का नसतात, या विषयावरचा त्यांचा तो प्रबंध जर्मन भाषेतच आहे. बाईंची बुद्धी असामान्य होती हे खरंच. पण दुसऱ्या कुठल्या भाषेत त्यांचं भागलं नसतं, हेही तितकंच खरं. आज त्याच बर्लिनमध्ये इंग्रजीवर आरामात भागतं.

भाषा शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना परदेशी पाठवायची आधुनिक पद्धत पहिल्या महायुद्धानंतरची. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या रेमंड कर्कब्राइड या प्राध्यापकाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी फ्रान्सला नेले. आधी नान्सी शहरात फ्रेंचची कसून तयारी, मग पॅरिस, आणि मुक्काम फ्रेंच कुटुंबांत. याचा उपयोग होतो का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं ते मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी. त्यांनी अमेरिकेभरच्या महाविद्यालयांतल्या, परदेशी भाषा हाच मुख्य विषय असलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. १९६७ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : त्या देशात राहून आलेले विद्यार्थी इतरांपेक्षा पुढे होते. काकांचं म्हणणं अर्धं खरं ठरतं ते इथे.

उरलेलं अर्धं पुढच्या संशोधकांनी तपासलं. त्यांतला एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे तीन गट शेजारी ठेवले. एक गट नेहमीच्या वर्गात शिकणारा. दुसरा फ्रान्सला गेलेला. तिसरा अमेरिकेतच, पण उन्हाळ्यात काही आठवडे फक्त फ्रेंचमध्येच जगायचं कबूल केलेला. बोलण्यातला ओघ सर्वांत जास्त सुधारला तो या तिसऱ्या गटाचा, घरच्याच देशात राहिलेल्यांचा. कारण विद्यार्थ्यांनी भरलेल्या तक्त्यांत सापडलं : तिसऱ्या गटातली मुलं आठवड्यात कितीतरी जास्त तास फ्रेंच वापरत होती, आणि फ्रान्समध्ये राहणारी मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होती. फरक पडला तो भाषा वापरलेल्या तासांनी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा चालतात, आणि पहिली शाळा जर्मनचीच होती. आजही तिथे येणारा विद्यार्थी लेखी वचन देतो की इथे असेपर्यंत शिकायच्या भाषेशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही. समुद्र ओलांडण्यापेक्षा त्या वचनाचं काम मोठं आहे.

पण तास म्हणजे नुसते कानावर पडलेले तास मोजून चालत नाही. इथे बोलण्याची यंत्रणा थोडी उघडून पाहायला हवी.

दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या दहा भाषांतली संभाषणं मोजली. भाषेगणिक थोडा फरक निघाला, पण सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे २०० मिलिसेकंद. आता दुसरा आकडा पाहा. चित्र दाखवून त्याचं नाव सांगायला लावलं तर मातृभाषेतलासुद्धा एक साधा शब्द तोंडातून बाहेर यायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आपण आपलं उत्तर रचायला घेतो. ऐकणं आणि बोलायची तयारी ही कामं एकाच वेळी चाललेली असतात. मातृभाषेत हे आपोआप होतं, कारण ऐकण्यावर लक्ष खर्च करावं लागत नाही. परक्या भाषेत सगळं लक्ष ऐकण्यातच संपतं.

याचा अनुभव सर्वांत तीव्रपणे येतो तो ‘वेगे’च्या स्वयंपाकघरात. वेगे म्हणजे तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेलं घर : प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक, भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. समजा, संध्याकाळी चौघं टेबलाशी बसली आहेत. जर्मनीत पाण्याच्या-शीतपेयांच्या बाटल्यांवर अनामत असते. एकदा वापरून टाकायच्या बाटलीला २५ सेंट. बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत टाकल्या की पैसे मिळतात. त्या बाटल्यांची पिशवी दोन आठवडे बाल्कनीत पडून आहे, अशी कुणीतरी तक्रार काढतं. आपल्या मुलाला ‘बाटली’ कळतं, ‘शनिवार’ कळतं, क्रियापद वाक्याच्या शेवटी येईपर्यंत तो थांबतो, अर्थ जुळवतो, ‘मी उद्या नेतो’ हे वाक्य मनात रचतो, विभक्ती तपासतो आणि तोंड उघडतो. तोवर टेबलावर हशा होऊन विषय कुणाच्या तरी सायकलच्या पंक्चरवर गेलेला असतो. असं रोज संध्याकाळी होतं. दोन महिन्यांत पुष्कळ जण जेवणाचं ताट उचलून खोलीत जायला लागतात, आणि तिथे लॅपटॉपवर मराठी मालिका वाट पाहत असते.

जी मुलं टेबल सोडत नाहीत, त्यांच्या बाबतीत हळूहळू एक गोष्ट घडते. त्यांच्याकडे तयार तुकडे जमू लागतात. ‘आख् झो’ म्हणजे ‘अच्छा, असं होय’. ‘श्टिम्ट’ म्हणजे ‘बरोबर’. ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी’. हे तुकडे रचावे लागत नाहीत, आयते तोंडात येतात. ‘आख् झो, श्टिम्ट’ म्हणून मुलगा बोलण्याची पाळी स्वतःकडे घेतो आणि तेवढ्या उसंतीत पुढचं वाक्य जुळवतो. मग ‘मला नाही तसं वाटत’, ‘कालच मी पाहिलं की’ असे मोठे तुकडे जमतात. बोलण्यातला ओघ मोजताना संशोधक पाहतात तेही हेच : न अडखळता सलग किती शब्द आले, मध्ये गप्प राहण्याच्या जागा किती आणि कुठे. परदेशी राहण्याने सर्वांत ठळकपणे सुधारतं ते हे. त्याखालोखाल शब्दसंग्रह आणि ऐकून समजणं.

व्याकरण मात्र तसं सुधारत नाही, आणि पालकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. ‘मी स्वयंपाकघरात जातो’ आणि ‘मी स्वयंपाकघरात आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठी ‘-त’ हा एकच प्रत्यय लावते. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘इन डी क्युशे’ होतं आणि दुसऱ्यात ‘इन डेर क्युशे’. हालचाल असेल तर एक विभक्ती, जागच्या जागी असेल तर दुसरी. मराठी विद्यार्थी इथे हमखास चुकतो. पण तो चुकला तरी जर्मन माणसाला अर्थ कळतो, कारण ‘जातो’ हे क्रियापद ऐकलेलं असतं. मग कोण कशाला दुरुस्त करेल? शेजारीपाजारी सभ्य असतात, दुकानदाराच्या मागे रांग असते, मित्राला बोलणं पुढे न्यायचं असतं. चूक निभावून जाते, रोज निभावून जाते आणि पक्की होते. दोन वर्षांनी हा मुलगा झरझर बोलतो, पण विभक्त्या वाटेल तशा असतात. नोकरीसाठी पत्र लिहायची वेळ आली की त्याची पंचाईत होते. हे टोकणारा कुणीतरी शिक्षक तिथे गेल्यावरही हवाच.

म्हणून निघण्याआधीच्या तयारीला मी इतकं महत्त्व देते. रिचर्ड ब्रेख्ट, डॅन डेव्हिडसन आणि राल्फ गिन्सबर्ग यांनी रशियात जाऊन रशियन शिकणाऱ्या सहाशेहून अधिक अमेरिकन विद्यार्थ्यांची माहिती तपासली होती. जातानाच ज्यांचं व्याकरण आणि वाचन पक्कं होतं, त्यांचं बोलणं आणि ऐकणं तिथे गेल्यावर जास्त सुधारलं, असं त्यांना आढळलं. व्याकरणाचा सांगाडा असला की रस्त्यावर ऐकलेलं वाक्य त्यात जाऊन बसतं. नसला तर तेच वाक्य कानावरून निघून जातं. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, बी१, म्हणजे मधली पातळी, गाठायला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात असं सांगतं. तासिका ४५ मिनिटांची. हे काम पुण्यात, मुंबईत बसून होतं, आणि जर्मनीतल्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात होतं. बी१ झालेला माणूस न कळलेल्या शब्दाचा अर्थ जर्मनमध्येच विचारू शकतो आणि मिळालेलं उत्तर समजू शकतो. तिथून पुढे तो देश त्याचा शिक्षक होऊ शकतो. ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी, घेऊन गेलेल्याला तोच देश नुसता गोंगाट वाटतो.

मराठी विद्यार्थ्याच्या हातात काही गोष्टी जन्मापासून आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजी माध्यमातली मुलं हबकतात. पण तो दगड, ती भिंत, ते घर हे आपण विचार न करता बोलतो आणि त्याला काही कारण नसतं हेही आपल्याला माहीत असतं. जर्मनमध्ये मुलीला नपुंसकलिंगी शब्द आहे याचं सगळ्या जगाला नवल वाटतं. गोव्यातल्या कोकणीभाषक विद्यार्थ्याला वाटू नये, कारण त्याच्या घरी मुलगी म्हणजे ‘तें चेडूं’च असते. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर, जर्मनमध्येही तसंच. गौण वाक्यात क्रियापद शेवटी, हेही आपल्या अंगवळणी पडलेलं. मुलं जर्मनकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतात म्हणून त्यांना ही भाषा आहे त्यापेक्षा अवघड वाटते. मराठीतून शिकवलं की अर्धी भीती जाते, हे मी वर्गात वारंवार पाहिलं आहे.

पण मराठीपणाच कुठे आड येतो, तेही पाहायला हवं. अ‍ॅन बॅरन यांनी जर्मनीत शिकायला गेलेल्या आयरिश विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं. आयर्लंडमध्ये काही देऊ केलं तर आधी ‘नको’ म्हणायची रीत आहे. यजमान पुन्हा विचारतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, मग घेतो. जर्मनीत एकदा नको म्हटलं की विषय संपला. वर्षभर तिथे राहून आयरिश मुलांचं हे पुन्हा पुन्हा विचारणं कमी झालं, असं बॅरन यांना दिसलं. आयर्लंडच्या जागी आपलं घर घातलं तरी काही बदलत नाही. जर्मन मित्राकडे जेवायला गेलेला आपला मुलगा ‘आणखी वाढू?’ या प्रश्नाला सवयीने नको म्हणतो, भांडं उचललं जातं आणि तो अर्धपोटी घरी येतो. त्यात गंमत अशी की काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हटलं, तर त्याचा अर्थ बहुतेकदा ‘नको, धन्यवाद’ असाच घेतला जातो. हवं असेल तर ‘या, गेर्न’ म्हणायचं. तू आणि तुम्हीचंही तसंच. जर्मनमधले ‘डू’ आणि ‘झी’ आपल्याला ओळखीचे वाटतात, पण सीमारेषा वेगळी आहे. आपल्याकडे आईला ‘ए’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणणारी घरं आहेत. तिथे दोघांनाही ‘डू’. अनोळखी विद्यार्थीसुद्धा एकमेकांना पहिल्या भेटीपासून ‘डू’ म्हणतात, प्राध्यापकांना मात्र ‘झी’, आणि ‘झी’वरून ‘डू’वर यायचं ते सहसा वडीलधाऱ्याने सुचवल्यावर. पुस्तकात याचे नियम दोन ओळींत असतात. ते मुरायला माणसांत राहावं लागतं, आणि परदेशी राहण्याचा खरा मोबदला मला इथे दिसतो.

पाठ्यपुस्तकातली भाषा आणि रस्त्यावरची भाषा यांतलं अंतरही तिथेच कळतं. सकाळच्या न्याहारीच्या छोट्या पावाला पुस्तक ‘ब्र्योटशेन’ म्हणतं. म्युनिकमध्ये तो ‘सेमेल’ होतो, बर्लिनमध्ये ‘श्रिप्पे’, आणि स्टुटगार्टच्या बेकरीत ‘वेकले’. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि त्या बाजूला जाणारे मराठी विद्यार्थीही बरेच. तिथल्या श्वेबिश बोलीने ते पहिले काही आठवडे पार गोंधळून जातात. घाबरायचं कारण नाही. पुण्याचं मराठी शिकून सावंतवाडीला गेलेल्याचंही हेच होईल.

उलट दिशेचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. गुंथर सोन्थायमर हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६चा. त्यासाठी ते वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांमध्ये, पालखीबरोबर हिंडले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ मध्ये ते गेले, तोवर महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना ते आपलेच वाटत होते. त्यांना जे हवं होतं ते रानातल्या मेंढपाळाकडे होतं, आणि मेंढपाळाशी इंग्रजीत बोलून भागणार नव्हतं. ज्यांच्या नावाची भवनं आपल्याकडे आहेत ते मॅक्स म्युलर मात्र संस्कृतात आयुष्य घालवूनही कधी भारतात आले नाहीत. ग्रंथ वाचण्यासाठी प्रवासाची गरज नसते. ओवी म्हणणाऱ्या माणसाला मधेच थांबवून ‘म्हणजे काय हो?’ असं विचारायचं असेल तर असते.

आजच्या विद्यार्थ्याने असं एखादं काम मुद्दाम शोधायला हवं, जे जर्मनशिवाय होणारच नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असेल तर वर्गात ते मिळणार नाही, बाहेर शोधावं लागेल. परदेशी विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. गोदामात खोकी लावायचं काम पटकन मिळतं, पण तिथे दिवसभर तोंड उघडत नाही. बेकरीच्या काउंटरवर कदाचित उशिरा मिळेल, पण तिथे दर दोन मिनिटांनी नवा माणूस नवं काहीतरी मागतो आणि ‘झोन्स्ट नॉख वास?’, म्हणजे ‘आणखी काही?’, हे पहिल्याच दिवशी पाठ होतं. राहायला जर्मन मुलांची वेगे शोधावी. घर मिळायला वेळ लागतो, तेव्हा निवड झाल्या दिवसापासून चौकशी करावी. मोठ्या शहरापेक्षा मध्यम गावात इंग्रजीचा आधार कमी, हेही निवड करताना विचारात घ्यावं. घरी फोन रोज करावा, पण एका ठरल्या वेळी. मराठी मंडळ हवंच, गणपती तिथेच होतो. फक्त आठवड्याचे सातही दिवस तिथे जाऊ नयेत.

आणि एखाद्या ‘फेराइन’मध्ये नाव घालावं. जर्मन माणसाचं सार्वजनिक आयुष्य या मंडळांत चालतं : फुटबॉलचं, समूहगायनाचं, गिर्यारोहणाचं, गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचं. एकट्याने पळण्या-पोहण्यापेक्षा चमूचा खेळ किंवा गाणं घ्यावं, कारण तिथे सूचना ऐकाव्या लागतात, ओरडून सांगाव्या लागतात, आणि सराव संपल्यावर सगळे मिळून काहीतरी प्यायला थांबतात. खरं बोलणं त्या थांबण्यात होतं. विद्यापीठांचे स्वतःचे क्रीडावर्गही असतात. त्यांची यादी सत्राच्या सुरुवातीला लागते आणि जागा झपाट्याने भरतात, तेव्हा बँकेचं खातं आणि पत्त्याची नोंदणी चालू असते त्याच दिवसांत हेही नाव नोंदवून टाकावं.